अर्बुदाचे वर्गीकरण : अवयवाकडून मार्गाकडे

कर्करोगाला आपण अवयवाचे नाव देतो : स्तनाचा, आतड्याचा, फुप्फुसाचा. सन २००० मध्ये स्तनातील अर्बुदांच्या हजारो जनुकांची क्रियाशीलता एकाच वेळी मोजली गेली, तेव्हा एकाच नावाखाली अनेक भिन्न व्याधी नांदत असल्याचे स्पष्ट झाले. पुढे सुट्या जनुकाऐवजी जनुकांच्या मार्गांचा, म्हणजे पेशीला वाढण्याचे, थांबण्याचे वा मरण्याचे आदेश पोहोचविणाऱ्या साखळ्यांचा विचार रूढ झाला. २०१८ मध्ये ३३ प्रकारच्या कर्करोगांतील ९,१२५ अर्बुदे दहा प्रमुख संकेतमार्गांच्या आधारे तपासण्यात आली. त्यांपैकी ८९ टक्के अर्बुदांत किमान एका मार्गात रोगाला चालना देणारा बदल आढळला. दोन रुग्णांतील बिघडलेली जनुके भिन्न असली, तरी मार्ग एकच असू शकतो, हे या पद्धतीचे मर्म होय.

हे वाचताच आपल्या मनात 'स्रोतस' हा शब्द येतो. सुश्रुताचार्यांनीही अर्बुदाचे सहा प्रकार अवयवावरून नव्हे, तर दोष आणि दूष्य यांवरून सांगितले आहेत. अभिमान साहजिक आहे; परंतु साम्य म्हणजे पुरावा नव्हे. संकेतमार्गातील बदल मोजता येतो आणि त्यावरून केलेले भाकीत चुकले तर ते उघड होते. स्रोतोदुष्टीच्या बाबतीत असे परिश्रम आपण पुरेसे केलेले नाहीत.

तथापि, अवयवाचे महत्त्व संपले असेही नाही. ब्रॅफ जनुकातील एकच बदल त्वचेच्या मेलानोमात आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात आढळतो. त्याला रोखणारे औषध मेलानोमात गुणकारी ठरले. आतड्यात एकट्याने फारसे चालले नाही, कारण तेथे ईजीएफआर हा दुसरा मार्ग जागा होतो, असे २०१२ मध्ये दिसून आले. दोन्ही मार्ग एकत्र रोखणारी चिकित्सा २०२० मध्ये अमेरिकेत मान्य झाली. स्थानभेदाने व्याधी बदलतो, हे आपल्याला शिकविले गेलेच आहे.

येथे एक कबुली देतो. व्यवसायाच्या आरंभी एका भगिनीने पिशवीतून अहवाल काढून माझ्यासमोर ठेवला. त्यातील 'हर-टू पॉझिटिव्ह' हे शब्द मी वाचले आणि अर्थ न लागल्याने सोडून दिले. नाडी, अग्नी, प्रकृती यांचे परीक्षण मात्र मनापासून केले. त्या दोन शब्दांवर एक नेमके औषध अवलंबून होते आणि ते १९९८ पासून वापरात होते, हे मला उशिरा कळले. ती खंत आजही जात नाही.

म्हणून वैद्यबंधूंना विनंती. अर्बुदाची शंका येताच रुग्णाला विनाविलंब कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवावे. आपल्या रुग्णपत्रकात पेशी-परीक्षण व जनुकीय अहवालासाठी स्वतंत्र रकाना असावा. संघटनेने हे अहवाल वाचण्याचे वर्ग भरवावेत. अग्नी, बल, निद्रा यांची काळजी आपण अवश्य घ्यावी; पण ती तज्ज्ञांना कळवून, त्यांच्या चिकित्सेला बाध न आणता. रोगाला नाव कोणत्या शास्त्राने दिले, यापेक्षा रुग्णाचा वेळ वाया गेला नाही ना, हा प्रश्न मोठा आहे.