सवलत गाडीला, अडवणूक वाहनतळात

जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्ला या अमेरिकी कंपनीचे दालन उघडले, तेव्हा प्रसारमाध्यमांना जणू उत्सवच सापडला. शांघायच्या कारखान्यात तयार झालेली, सुमारे सत्तर टक्के आयात शुल्क भरून आणलेली, साठ लाखांच्या घरातील विजेवरची मोटार. तिच्या स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री जातीने उपस्थित. पुढे सप्टेंबरमध्ये देशातील पहिली गाडी महाराष्ट्राच्या परिवहनमंत्र्यांनीच ताब्यात घेतली. ज्याचा पैसा त्याने तो कसा खर्चावा हे इतरांनी सांगण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा आहे. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या विद्युत वाहन धोरणानुसार या गाडीला महाराष्ट्रात मोटार वाहन कर भरावा लागत नाही आणि ऑगस्ट २०२५ पासून तिला अटल सेतूवर पथकरही नाही. मग करमाफीची ही खैरात नेमकी कोणाच्या पदरात पडते?

पेट्रोलच्या गाडीवर राज्यात दहा लाखांपर्यंत ११, वीस लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के असा एकरकमी कर आहे. याच दराने हिशेब मांडावा. दहा लाखांची विजेवरची गाडी घेणाऱ्या शिक्षकाला या माफीतून एक लाख दहा हजार रुपये मिळाले. साठ लाखांची गाडी घेणाऱ्या धनिकाला सात लाख ऐंशी हजार. म्हणजे ज्याला गरज कमी, त्याला सवलत सातपट. तीस लाखांवरील विद्युत मोटारींना सहा टक्के कर लावण्याची तरतूद मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात सुचवली गेली होती. तीही त्याच महिन्यात मागे घेण्यात आली. पर्यावरणाच्या नावाने श्रीमंतांचे चोचले पुरवण्याचा हा प्रकार नव्हे, असे कोणाला म्हणायचे असेल तर त्याने एकदा तरी या आकड्यांना उत्तर द्यावे.

विजेवरच्या मोटारीला विरोध करण्यासाठी हे मांडलेले नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. उलट ही मोटार देशाच्या हिताची आहे आणि योग्य त्या घरात गेली तर त्या घराच्याही हिताची आहे. परंतु ते योग्य घर कोणते, याचा विचार ना विक्रेता करतो, ना सरकार.

विक्रेत्याची जाहिरात सांगते, ‘किलोमीटरला एक रुपया!’ मध्यमवर्गीय माणूस पेट्रोलच्या पंपावर गेली काही वर्षे लिटरमागे शंभराहून अधिक रुपये मोजत आहे. त्याला हे वाक्य अमृतासारखे वाटते. ते संपूर्ण खोटे नाही, पण अर्धे खरे आहे. महिन्याला १२०० किलोमीटर धावणारी, मध्यम आकाराची पेट्रोल मोटार शहरात लिटरला १४ किलोमीटर देते असे धरू. लिटर १०४ रुपयांना धरले तर महिन्याचा खर्च सुमारे ८९०० रुपये. तेवढ्याच आकाराची विजेवरची मोटार, चार्जिंगमधील गळती धरून, एका युनिटात साडेसहा किलोमीटर जाते असे मानले तर तिला महिन्याला १८५ युनिटे लागतील. आता ही युनिटे कोठून घ्यायची, यावरच सगळा खेळ आहे.

घरच्या मीटरवरून घेतली तर काय होते? महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. २०२४-२५ च्या दरपत्रकाप्रमाणे १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यात वहन आकारासह युनिटला साधारण साडेअकरा रुपये पडत आणि ३०० ओलांडले की पावणेसोळा. त्यावर १६ टक्के विद्युत शुल्क. महिन्याला २२० युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाने गाडी आणली की त्याचा वापर ४०५ वर जातो आणि गाडीची निम्म्याहून अधिक वीज महागड्या टप्प्यात येते. हिशेब केल्यास गाडीचे महिन्याचे बिल सुमारे तीन हजार, म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये. जाहिरातीतील एक रुपया कोठे गेला, हे ते कुटुंब पहिल्या बिलाच्या दिवशी एकमेकांना विचारते. तरीही पेट्रोलच्या तुलनेत महिन्याला जवळजवळ सहा हजारांची बचत आहे, हे मान्य करावे लागेल.

यावर उपाय नाही असेही नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१८ मध्येच वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र दरवर्ग निर्माण केला. स्वतंत्र जोडणी घेऊन युनिट आठ रुपयांना पडले असे धरले तर तीच १८५ युनिटे दीड हजारात येतात. स्थिर आकार निराळा द्यावा लागतो, तरीही घरगुती टप्प्यांपेक्षा खर्च बराच कमी.

आता तिसरी वाट. घरी सोय नाही म्हणून रस्त्यावरच्या चार्जिंग केंद्रावर जावे, तर तेथे युनिटला वीस-बावीस रुपये मोजावे लागतात. बावीसने १८५ युनिटांचे चार हजारांवर होतात. येथे एक तुलना कोणी करत नाही, ती करायला हवी. २०२५ मध्ये मुंबईत सीएनजी किलोला ऐंशी रुपयांच्या आसपास होता. किलोला २२ किलोमीटर धावणाऱ्या सीएनजी मोटारीचा तेवढ्याच अंतराचा खर्च होतो सव्वाचार ते साडेचार हजार. म्हणजे ज्याला सार्वजनिक केंद्रावरच अवलंबून राहायचे आहे, त्याची विजेवरची मोटार इंधनाच्या खर्चात सीएनजी मोटारीच्या पंक्तीला जाऊन बसते. आणि सीएनजीची गाडी घेताना लाखांनी स्वस्त पडते. मग त्याने विजेकडे का यावे? त्याला मूर्ख ठरवण्यापूर्वी धोरणकर्त्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा.

यात भर म्हणजे विद्युत मोटारीवर जीएसटी अवघा ५ टक्के, पण सार्वजनिक केंद्रावरील चार्जिंगच्या सेवेवर १८ टक्के. गाडी एकदाच घेतली जाते, चार्जिंग दररोजचे. ज्याच्याकडे स्वतःचा बंगला, अंगण आणि मीटर आहे त्याला या १८ टक्क्यांची झळ लागत नाही. ती लागते भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, रस्त्याकडेला गाडी उभी करणाऱ्या माणसाला.

कमी धावणाऱ्या कुटुंबाचा प्रश्नही वेगळा आहे. रविवारी देवदर्शन, अधूनमधून गावी जाणे, असे मिळून महिन्याला ५०० किलोमीटर गाडी चालवणाऱ्या घराची बचत सव्वीस-सत्तावीसशे रुपये. करमाफी धरूनही सारख्या आकाराच्या दोन गाड्यांत तीन लाखांचा फरक उरला, तर तो भरून निघायला नऊ वर्षे लागतील. कर्जाचे व्याज वेगळे. बॅटरीची हमी साधारणपणे आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची असते. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यापासून तर अशा घराचा हिशेब आणखी बिघडला आहे. केवळ शेजाऱ्याने घेतली म्हणून हप्त्यावर विजेवरची मोटार आणणाऱ्या अशा गृहस्थाने घरचा अर्थसंकल्प आधी घरच्या गृहिणीला दाखवावा. ती दोन मिनिटांत निर्णय देईल.

देशाच्या दृष्टीने पाहिले तर हाच हिशेब अधिक तीव्र होतो. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी सुमारे ८८ टक्के तेल आयात करावे लागते. मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटताच तेलाचा भाव पिंपाला १२० डॉलरच्या वर गेला. ते युद्ध ना भारताने सुरू केले होते, ना त्यात भारताचा काही स्वार्थ होता. पण किंमत मोजली ती येथल्या नागरिकाने. याउलट विजेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कोळशातून येतो, आणि २०२४-२५ मध्ये देशाने शंभर कोटी टनांहून अधिक कोळसा स्वतःच्या भूमीतून काढला. ‘ही तर कोळशावर चालणारी गाडी’ असे उपहासाने म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की तो कोळसा चंद्रपूरचा, झारखंडचा आहे, आखातातला नव्हे. धुराच्या बाबतीतही, गणित मांडले तर, किलोमीटरमागे निघणारा कार्बन पेट्रोलपेक्षा कमीच भरतो.

मात्र स्वदेशीचा जयघोष करून येथे थांबता येणार नाही. बॅटरीतील सेल अद्याप मोठ्या प्रमाणात चीनमधून येतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा-धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा येथील मोटार उद्योगाची झोप उडाली. सेलनिर्मितीसाठी केंद्राने २०२१ मध्ये १८,१०० कोटींची योजना आणली, पण त्यातील कारखाने ठरल्या वेळी उभे राहिले नाहीत. जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियमचा अंदाजित साठा असल्याचे फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाले; पुढे त्याच्या लिलावाला पुरेसे बोलीदारच मिळाले नाहीत. चुंबकांसाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटींची योजना मंजूर झाली, ही समाधानाची बाब. वास्तविक ती पाच वर्षे आधी यायला हवी होती. बंगळूरमध्ये २००१ साली ‘रेवा’ नावाची छोटी विजेवरची मोटार बाजारात आली होती, हे किती जणांना आठवते? लंडनच्या रस्त्यांवर ती ‘जी-विझ’ नावाने धावली. त्या वेळी जो देश या क्षेत्रात पुढे होता, तो आज सेलसाठी दुसऱ्याच्या दारात उभा आहे.

तरीही दोन परावलंबनांत भेद आहे. आयात केलेले पेट्रोल जळून जाते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आणावे लागते. आयात केलेला सेल आठ-दहा वर्षे देशात राहतो आणि त्यातील धातू पुन्हा काढून घेता येतात. म्हणून तेलाची बचत हा खरा राष्ट्रीय लाभ आहे. आणि तेल वाचते ते गाड्यांच्या संख्येने नव्हे, धावलेल्या किलोमीटरने. मलबार हिलच्या तळघरात झाकून ठेवलेली साठ लाखांची गाडी एक थेंबही वाचवत नाही. दिवसाला दीडशे किलोमीटर फिरणारी टॅक्सी पेट्रोलऐवजी विजेवर धावली, तर महिन्याला ५०० किलोमीटर चालवणाऱ्या कुटुंबाची महिन्याभराची बचत ती साडेतीन दिवसांत करते. सीएनजीवरील टॅक्सीलाही हे लागू आहे, कारण तो वायूदेखील निम्मा परदेशातूनच येतो. आणि नेमक्या याच टॅक्सीचालकाकडे स्वतःचा वाहनतळ नाही, मीटर नाही. त्याच्या वाट्याला बावीस रुपयांचे युनिट आणि १८ टक्के कर.

मध्यमवर्गीय वसाहतींत काय चालले आहे? तेथे वाहनतळ आहे, वीज आहे, परवानगी नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करण्यास स्पष्ट मोकळीक दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन वाहनासाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा मार्ग खुला झाला. नव्या इमारतींत वीस टक्के वाहनतळ चार्जिंगसाठी सज्ज असावेत, अशी तरतूद २०१९ मध्ये आदर्श इमारत नियमांत आली. एवढे सगळे असून गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसांच्या टेबलावर अर्ज महिनोन्महिने पडून राहतात. ‘ना हरकत’ देण्यास हरकत काय, ते कोणी लेखी सांगत नाही.

तोंडी मात्र सांगितले जाते. इमारतीवर भार येईल, आग लागेल. आगीची काळजी अनाठायी नाही. वर्तमानपत्रांत दुचाकींच्या आगीच्या बातम्या सर्वांनी वाचल्या आहेत. म्हणूनच खिडकीतून सोडलेली एक्स्टेन्शनची वायर नको. योग्य जाडीची केबल, अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण हवे. पण भाराचा मुद्दा तपासून पाहावा. घरगुती चार्जर ३.३ किलोवॅटचा असतो, म्हणजे एका गिझरपेक्षा किंचित अधिक. चाळीस बिऱ्हाडांचे चाळीस गिझर सकाळी एकाच तासात पेटतात, त्यासाठी आजवर कोणत्या सभासदाने कार्यकारिणीकडे ना हरकत मागितली आहे? महिन्याला १२०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला दिवसाला सहा युनिटे पुरतात. म्हणजे रात्री दोन तास, जेव्हा सगळे गिझर बंद असतात. जुन्या इमारतीत वीस-पंचवीस गाड्या झाल्यावर मंजूर भार वाढवावा लागेल, हे खरे. त्यासाठी महावितरणकडे आज अर्ज करायचा की वीस गाड्या उभ्या राहिल्यावर भांडत बसायचे, एवढाच प्रश्न आहे.

साठ लाखांच्या गाडीला दिलेली सात लाख ऐंशी हजारांची माफी सरकारने मागे घ्यावी. स्वस्त गाड्यांची हवी तर ठेवावी. त्या पैशातून जुन्या वसाहतींतील मीटर खोलीपासून वाहनतळापर्यंतची केबल आणि टॅक्सी-रिक्षा थांब्यांवरचे स्वस्त चार्जिंग उभे राहील. जीएसटी परिषदेने १८ टक्क्यांचा आकडा ५ वर आणावा. एवढे होईपर्यंत वसाहतींनी थांबण्याचे मात्र काहीच कारण नाही. राज्यातील गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. या अंकाच्या अनेक वाचकांकडे त्या सभांचे अध्यक्षपद किंवा चिटणीसपद आहे. रंगरंगोटी आणि पाण्याच्या टाकीच्या जोडीला विषयपत्रिकेवर आणखी एक विषय घेता येतो: वाहनतळापर्यंत सामायिक केबल, सभासदनिहाय उपमीटर, परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराकडून तपासणी आणि अर्जाचा निकाल पंधरा दिवसांत लेखी.