सहल कतारगाम दरवाज्याची

यंदा आम्ही नववीच्या मुलांना कतारगाम दरवाज्याजवळच्या इंग्रजांच्या जुन्या कबरस्तानात नेले. काही पालकांनी विचारले, "सर, सापुतारा सोडून लेकरांना कबरी कशाला दाखवता?" प्रश्न रास्त आहे.

हीच मुले इतिहासाच्या तासाला पिरॅमिडचे चित्र डोळे विस्फारून पाहतात. पिरॅमिड म्हणजे तरी काय? राजाची कबरच! इजिप्तला जाणारे बहुतेक लोक गिझाचे पिरॅमिड पाहून परततात. कैरोच्या दक्षिणेला मैदूम येथे सुमारे ४६०० वर्षांपूर्वीचा एक पिरॅमिड आहे. त्याचे बाहेरचे आवरण ढासळले असून आता बुरुजासारखा गाभा तेवढा उभा आहे. तिकडे फार थोडे लोक फिरकतात. पण पायऱ्यांच्या पिरॅमिडला नंतर सपाट उतार देण्याचा प्रयत्न कसा झाला, हे त्या पडझडीतच उघड दिसते. आपल्या सुरतेतही असे एक मैदूम आहे आणि तेथे सिटी बसने जाता येते.

तेथील सर्वांत मोठी वास्तू ऑक्सेंडेन बंधूंची. उंची सुमारे ४० फूट, जाड खांब, एकावर एक घुमट. लांबून पाहिले तर एखाद्या मोगल सरदाराचा मकबराच वाटावा. धाकटा ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारला. त्याच्यावरील लॅटिन लेख चक्क जमाखर्चाच्या भाषेत आहे: मृत्यूने अचानक हिशेब मागितला, मालकांचा नोकर गेला, सोबत्यांचा सोबती गेला. व्यापाऱ्यांच्या सुरतेला शोभणारा लेख!

थोरला सर जॉर्ज १६६९ मध्ये वारला. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख असलेल्या या जॉर्जने मात्र वखार लढवली, आणि कंपनीने त्याला सुवर्णपदक दिले.

तेथे एका मुलाने विचारले, "हा तर महाराजांच्या विरुद्ध लढला. मग आपण याच्याकडे का आलो?" आम्हाला हा प्रश्न हवाच होता. आपली कुटुंबे पिढ्यान् पिढ्या सुरतेत आहेत. मूल घरात महाराजांच्या पराक्रमाची गोष्ट ऐकते आणि गल्लीत वीरजी व्होराच्या लुटलेल्या हवेलीची. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शेजारच्या गुजराती मुलाने "तुम्ही आम्हाला लुटले" म्हटले, तर आमच्या विद्यार्थ्याने मान खाली घालू नये आणि हातही उगारू नये. मोगलांची तिजोरी भरणारे हे बंदर महाराजांनी का निवडले, हे त्याला सांगता यावे, आणि ज्यांचे घर लुटले गेले त्यांचे दुःखही समजावे. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहेच की!

जवळच डचांचे कबरस्तान आहे. तेथे व्हॅन रीड यांची भव्य समाधी आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ यांनीच सिद्ध करविला. कोचीनहून सुरतेला येताना १६९१ मध्ये समुद्रावरच त्यांचे निधन झाले. त्या ग्रंथाच्या १६७८ च्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. त्या काळी, अ‍ॅमस्टरडॅममध्ये! हे ऐकून मुले हरखली. खरे सांगायचे तर शिक्षकच अधिक हरखले.

ही दोन्ही ठिकाणे पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेली आहेत. तेथे भीतीचे किंवा विटाळाचे काही नाही. विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की, ही भेट दर जानेवारीत शाळेच्या दिनदर्शिकेत धरावी. खर्च बसभाड्याचाच आहे. सापुताराही बंद करू नये, मुले रुसतील.

आठवीची तुकडी पुढील महिन्यात जाईल. पालकांनी संमतीपत्र वर्गशिक्षकांकडे द्यावे. विद्यार्थ्यांनी वही, टोपी व पाण्याची बाटली आणावी. दगडावर नाव कोरणाऱ्यास पुढच्या कोणत्याही सहलीला नेले जाणार नाही.