गुंगी उतरण्याआधी

संशयास्पद रीतीने मृत झालेल्या माणसाचे अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवावेत, बरणीला मोहोर लावावी आणि ती रासायनिक विश्लेषकाकडे रवाना करावी, ही शिस्त आपल्याकडे जुनी आहे. तालुक्याच्या ठिकाणीही ती पाळली जाते. परंतु ज्याला कोणी काही पाजले आणि जो सुदैवाने वाचला, त्याच्या शरीरातील विषाचा पुरावा राखून ठेवण्याची शिस्त मात्र अद्याप तितकी अंगवळणी पडलेली नाही. मेलेल्याच्या साक्षीची आपण जेवढी काळजी घेतो तेवढी जिवंताच्या साक्षीची घेत नाही, असाच या विसंगतीचा अर्थ आहे. शहापूर व मुरबाड या तालुक्यांत तर अंतराने आणि उशिराने ती अधिकच जाचक होते.

शहापूर मुंबई-नाशिक महामार्गावर व कसाऱ्याच्या लोहमार्गावर. मुरबाड माळशेज घाटाच्या वाटेवर, पण रेल्वेवाचून. एकीकडे रात्रंदिवस धावणारी वाहतूक, दुसरीकडे आडबाजूचे पाडे, आणि अलीकडच्या काळात या दोहोंच्या मध्ये उभी राहिलेली शेतघरे. प्रवाशाला चहातून वा बिस्किटातून गुंगीचे औषध देऊन लुटण्याचा प्रकार आपल्या रेल्वेला नवा नाही. त्याही आधी वाटमारे धोत्र्याचे बी वापरीत. ते झुडूप आजही बांधाबांधावर उगवते. आता त्याची जागा लोराझेपामसारख्या झोपेच्या गोळ्यांनी घेतली आहे. प्रवाशाचे पाकीट जाते; पण तीच गोळी एखाद्या मुलीच्या सरबतात पडली, तर काय जाते ते सांगण्याची गरज नाही.

या औषधांचा खरा धूर्तपणा त्यांच्या गुंगीत नाही, त्यांच्या निघून जाण्यात आहे. जीएचबी नावाचे द्रव्य रक्तात सुमारे आठ आणि लघवीत सुमारे बारा तासांपलीकडे सापडणे कठीण. रक्तातील मद्य शंभर मिलिलिटरमागे ताशी साधारण १५ ते २० मिलिग्रॅमने उतरते. लोराझेपामचा अंश लघवीत काही दिवस टिकतो. पण प्रत्येक तासाला तो विरळ होत जातो. शिवाय ही औषधे स्मृतीच पुसून टाकतात. म्हणजे ज्या व्यक्तीला काय घडले ते आठवत नाही, तिच्या वतीने बोलणारा साक्षीदार तिचे शरीरच. आणि तो साक्षीदारही दिवस मावळेपर्यंत मुका होत असतो.

आता कायद्याकडे पाहू. भारतीय न्याय संहितेचे १२३ वे कलम गुंगीकारक पदार्थ देणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावास सांगते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे १८४ वे कलम, बलात्काराची माहिती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत पीडितेला वैद्यकाकडे पाठविण्याचे बंधन घालते. हेतू स्तुत्य आहे. पण कायद्याचे घड्याळ चोवीस तासांचे आणि औषधाचे बारा तासांचे! शिवाय कायद्याचे घड्याळ माहिती मिळाल्यावर सुरू होते, औषधाचे मात्र घोट घेताक्षणी. डोळखांब वा टोकावडे परिसरातील एखाद्या पाड्यावरील मुलगी सकाळी जड डोक्याने जागी होते, दुपारपर्यंत तिला संशय येतो, घरच्यांना सांगण्याचे धैर्य येईतो संध्याकाळ होते, आणि तालुक्याला जाणारी शेवटची बस तोवर निघून गेलेली असते. कोणीही कसलाही कायदा न मोडता पुरावा नष्ट होतो तो असा.

त्यात भर पडते ती ‘आधी पोलिसांचे पत्र आणा’ या उत्तराची. कर्नाटक राज्य विरुद्ध मंजण्णा या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच वृत्तीबद्दल नापसंती नोंदविली होती, आणि तीही ग्रामीण भागातील सरकारी डॉक्टरांचा खास उल्लेख करून; कारण तेथे रुग्णालये मुळातच विरळ. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनाही, पीडित व्यक्ती थेट रुग्णालयात आली तरी तिची तपासणी व्हावी, असेच सांगतात. पोलिसांना कळविणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे, रुग्णाची पूर्वअट नव्हे.

नमुना घेतला तरी काम संपत नाही. पुष्कळ ठिकाणी प्राथमिक चाचणी होते ती झटपट पट्टीवर. अशा चाचण्यांतून लोराझेपाम निसटण्याचा संभव असतो, कारण लघवीत ते बहुतांशी रूप बदलून उतरते. ते पकडण्यास मास स्पेक्ट्रोमीटरसारखे सूक्ष्म यंत्र लागते, आणि कोणत्या औषधाचा संशय आहे हे विश्लेषकाला कळावे लागते. वैद्यकाने अर्जावर नुसते ‘विषाची तपासणी’ असे लिहिणे आणि ‘तोंड कोरडे, बाहुल्या विस्फारलेल्या, बडबड’ किंवा ‘झोप, तोल जाणे, स्मृतिलोप’ असे लिहिणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली लक्षणे धोत्र्याकडे बोट दाखवितात, दुसरी झोपेच्या गोळीकडे. अहवाल निरंक आला, तर त्यात नमुना घटनेनंतर किती तासांनी घेतला आणि कोणती द्रव्ये शोधली, हे नमूद झालेच पाहिजे. एरवी ‘काही आढळले नाही’ या तीन शब्दांचा अर्थ न्यायालयात आणि गावात एकच लावला जातो: मुलगी खोटे बोलते.

कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेवरच कामाचा बोजा एवढा असताना तालुक्याच्या नमुन्यांची भर कशाला, असा आक्षेप येईल. तो अगदीच पोकळ नाही. प्रयोगशाळांना माणसे व यंत्रे मिळावीत, ही मागणी रास्तच आहे. परंतु नीट गोठवून ठेवलेला नमुना वाट पाहू शकतो. न घेतलेला नमुना कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. आणि तो घेण्यास लागते काय? झाकणाची स्वच्छ बाटली, सोडियम फ्लोराइड घातलेली रक्ताची नळी, मोहोर, वेळेची नोंद, कुलूपबंद शीतकपाट. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, रात्रीच्या पाळीसह, एवढी सिद्धता असणे ही चैन नव्हे. रुग्णाचे पोट धुतले, तर ते पाणीही मोरीत न जाता बाटलीत जावे. आणि फार उशीर झाला असेल, तर सुमारे महिन्याने केसांची तपासणी हा मार्ग उरतो, हेही वैद्यकांना ठाऊक असावे.

हा केवळ गरीब देशाचा प्रश्न नाही. फ्रान्समध्ये जिझेल पेलिको या स्त्रीला तिच्या पतीने सुमारे दहा वर्षे, २०२० पर्यंत, अन्नपेयातून औषध दिले. त्यात लोराझेपामच होते. स्मृती जाते म्हणून ती वैद्यकांकडे गेली, पण औषधाची शंका घेतली गेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ५१ जण दोषी ठरले, ते मुख्यतः पतीने स्वतःच टिपून ठेवलेल्या चित्रफितींमुळे. आपल्या पाड्यावरील मुलीच्या वैऱ्याने असा पुरावा सांभाळून ठेवला असेल, या भरवशावर न्याय सोडता येईल काय?

शासनाचे काम शासनाने करावेच. पण या तालुक्यांत अडचणीच्या वेळी माणसे प्रथम धाव घेतात ती शिक्षकाकडे, ग्रामपंचायतीच्या कारकुनाकडे, कॉलेजात शिकणाऱ्या शेजारच्या मुलाकडे. त्यांना एवढे ठाऊक असावे: आधी उपचार, त्यासाठी क्षणही दवडू नये. रुग्णालयात पोचण्यापूर्वी लघवीला जावेच लागले, तर ती स्वच्छ बाटलीत धरून, वेळ लिहून सोबत न्यावी. उरलेले पेय व पेला धुऊ नये. आणि ‘तू प्यायलीसच का?’ हा प्रश्न विचारू नये; तो विचारण्यात जी घटका जाते, तीच गुन्हेगाराला हवी असते.