नाव घेऊन मागणं

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे कॉम्प्युटर बंदच होता.

आमच्या शेजारी एक निवृत्त परिचारिका राहतात. अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. मार्चचा पहिला शुक्रवार त्या कधी चुकवत नाहीत. त्या दिवशी जगभरच्या ख्रिस्ती स्त्रिया जमून जगासाठी प्रार्थना करतात. दरवर्षी एकेका देशातल्या बायका ती उपासना लिहून देतात. २०२४ साली पाळी पॅलेस्टाईनची होती. देश काही वर्षं आधीच ठरलेला, पण तो शुक्रवार उजाडला तेव्हा गाझात युद्ध पेटलेलं होतं.

मी मास्तरकीच्या खोडीने विचारलं, "सिस्टर, इथे शिरपुरात हात जोडून तिकडचे बॉम्ब थांबतात का हो?"

"नाही थांबले, सर. पण त्या बायका आता मला परक्या वाटत नाहीत."

उत्तर तर्काला धरून नव्हतं, तरी डोक्यातून जाईना.

दुसऱ्यासाठी मागणं आपल्याकडे नवं नाही. शाळेत तीसेक वर्षं मी मुलांकडून पसायदान म्हणवून घेतलं. ज्ञानेश्वरांनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा तेवढा जावा म्हटलं. मुलं ते झरझर म्हणत, मीही म्हणे, आणि एकाच्याही डोळ्यांसमोर कुणी माणूस उभा राहत नसे. साऱ्या विश्वासाठी मागणं सोपं असतं, कारण विश्वाचा बांध आपल्या शेताला लागून नसतो!

ख्रिस्ती लोक याला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. दुसऱ्याची बाजू घेऊन देवापुढे उभं राहायचं. यातलं मर्म मला पंडिता रमाबाईंमुळे कळलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी बायका-मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. १९०५ साली तिथल्या मुलींच्या प्रार्थनेचा फार बोलबाला झाला, पण आधीचा तो प्रवास लोक विसरतात. ज्यांच्यासाठी मागायचं त्यांची तोंडं बाईंनी पाहिली होती. नुसते हात जोडून मोकळं होण्याचं मला आजही कौतुक नाही. टीव्हीवर युद्ध बघत 'देवा, सगळ्यांना सुखी ठेव' म्हणायचं आणि भाकरी मोडायची, हे तर आपण सारेच करतो.

सिस्टरांकडे नावांची एक वही आहे. नोकरीत त्यांना छळलेल्या एका बाईचंही नाव तिच्यात आहे. छळणाऱ्यांसाठीही प्रार्थना करा असं येशूने सांगितलंय ना, म्हणून. "पहिले काही महिने नाव घेताना दात आवळले जायचे," असं त्याच म्हणाल्या.

माझ्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्या वही घेऊन आल्या. "सर, तुमच्यासाठी तर मागतेच. घरातलं आणखी कुणाचं नाव लिहू?"

मुलाचं सांगितलं, सुनेचं, नातीचं. त्यांनी पेन बंद केलं नाही.

शेताची वाटणी झाल्यापासून मी धाकट्या भावाशी बोललेलो नाही. यंदा एकोणीस वर्षं होतील. हे वाचणाऱ्या निम्म्या लोकांना ते ठाऊकच आहे. माझ्या तोंडून नाव निघालं नाही. सिस्टर थोडा वेळ थांबल्या, मग वही मिटून चहा प्यायल्या.

काल मीच त्यांच्या ओट्यावर जाऊन ते नाव सांगितलं. त्यांनी आडनाव विचारलं.

"माझंच," म्हणालो.