कर्णबधिरांचाही भाषाप्रश्न

न कळणाऱ्या भाषेतला सरकारी कागद हातात पडला की काय होते, हे सीमाभागातील मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. पण आपल्याच खेड्यातला कर्णबधिर मुलगा महाविद्यालयात जातो, तेव्हा त्याची कोंडी दुहेरी होते. तिची चर्चा आपल्या व्यासपीठांवर क्वचितच ऐकू येते.

मराठी शाळेतून आलेला असा मुलगा ओठ वाचतो तेही मराठीतूनच. ‘पाल’, ‘बाल’, ‘माल’ हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. कोणता ते संदर्भाने ओळखायचे, आणि संदर्भ कळायला भाषा यावी लागते. वर्गात इंग्रजी किंवा कन्नड सुरू झाले की हा आधारही सुटतो. त्यात प्राध्यापक महाशय फळ्याकडे तोंड करून बोलणार! श्रवणयंत्र आवाज मोठा करते, भाषा शिकवत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखल्या. जागा मिळाली, पुढे काय? व्याख्यानाची टिपणे आदल्या दिवशी द्यावीत, तोंडी परीक्षेचे प्रश्न लिहून द्यावेत, यास खर्च तो कितीसा? खुणांच्या भाषेचा दुभाषी मात्र विद्यापीठानेच नेमायला हवा. ते नुसते हातवारे नव्हेत, स्वतःचे व्याकरण असलेली ती भाषा आहे. २०१५ साली केंद्राने दिल्लीत तिच्यासाठी स्वतंत्र संस्था काढली.

मराठी परिपत्रकांसाठी आपण निवेदने देतोच. पुढच्या निवेदनात राणी चन्नम्मा विद्यापीठाला एवढे विचारावे, की दुभाषी आणि लेखी टिपणे किती वर्गांत मिळतात?