हरल्याचं समजलं, जिंकल्याचं नाही



परवा इथे कुणीतरी न्यायमंदिराचा जुना फोटो टाकला आणि खाली आठवणींची रांग लागली. मधला उंच हॉल, पायऱ्यांवर बसणारे टायपिस्ट, समोरचं सूरसागर, तारीख आटपली की सेव-उसळ. सगळं खरं. 2018 मध्ये कोर्टं दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेली तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं. पण मला वाटतं, आपण चुकीच्या गोष्टीसाठी हळहळतोय. का, ते सांगायचं तर थोडं घरचं उघडं करावं लागेल. ज्यांच्याबद्दल सांगतेय ते आता कुणी नाहीत, म्हणून सांगते.

इमारतीचं म्हणाल तर ती कोर्टासाठी बांधलेलीच नव्हती. चिझम साहेबांनी ती मंडई म्हणून आखली. 1896 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिनच्या हस्ते उद्घाटन झालं, महाराणी चिमणाबाईंचं नाव दिलं, आणि पुढे तिथे कोर्टं बसली. म्हणजे भिंतींमुळे ते न्यायमंदिर झालं नाही, आत जे चाललं त्यामुळे झालं.

आत काय चालायचं ते मी आजोबांकडून ऐकलं. ते गायकवाडीत कोर्टात कारकून होते. मुन्सफ, त्यावर प्रांत न्यायाधीश, त्यावर वरिष्ठ कोर्ट, आणि अगदी शेवटी हुजूर न्यायसभेच्या सल्ल्याने खुद्द महाराज, अशी ती शिडी. सारा वसूल करणाऱ्या अंमलदारानेच न्यायनिवाडाही करायचा, हा जुना प्रकार सयाजीराव महाराजांनी मोडला. रमेशचंद्र दत्त 1904 मध्ये बडोद्याच्या नोकरीत आले, त्यांच्या काळात हे काम पुढे गेलं. ब्रिटिश मुलखात काँग्रेस तेव्हा हेच ठरावांतून मागत होती. पुढे आपल्या घटनेच्या कलम 50 मध्येही हेच तत्त्व आलं.

पण आजोबांची तक्रार वेगळीच असायची. "राज्य आपलं, नि लिहायचं मात्र गुजरातीत!" राजा मराठी, कितीतरी अंमलदार मराठी, तरी कोर्टाचा कारभार रयतेच्या भाषेत. कायदे गुजरातीत छापलेले. 1931 मध्ये तर महाराजांनी राज्यकारभारातल्या शब्दांचा अनेक भाषांतला कोश काढला, सयाजी शासन शब्द कल्पतरू. आजोबांना मोठेपणी गुजराती लिपी घोटावी लागली आणि ते शेवटपर्यंत कुरकुरले. लहानपणी मला त्यांचं पटायचं. आत्याची केस पाहिल्यावर पटेनासं झालं.

माझी आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात मागच्या दोन खोल्या तिच्याकडे होत्या. आजोबा गेल्यावर त्या खोल्यांवरून वाद झाला. 1974 मध्ये आत्याने दावा लावला. प्रतिवादी कोण, तर माझे वडील. तिचा सख्खा भाऊ.

तेव्हाच्या कायद्यात भावांनी वाटणी केल्याशिवाय मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. ती अट 2005 मध्ये गेली. पण विधवा मुलीला तिथे राहण्याचा हक्क तेव्हाही होता. वडिलांनी मात्र आजोबांचं मृत्युपत्र पुढे केलं, घर सगळं मुलाला.

न्यायमंदिरात आत्याची साक्ष झाली तेव्हा मी कॉलेजात होते. न्यायाधीशांनी गुजरातीत विचारलं, तिने आपल्या मराठी हेल असलेल्या गुजरातीत उत्तरं दिली. एकदा ती भडाभडा मराठीतच बोलायला लागली, तर साहेब म्हणाले, "धीरे धीरे, बेन." निकाल तिच्या विरुद्ध गेला. ती बाहेर आली, पदराने तोंड पुसलं नि म्हणाली, "मी हरले. कागद त्याच्याकडे आहे, माझ्याकडे काय आहे?" जिल्हा कोर्टातही तेच झालं.

मग अहमदाबाद. 1949 मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात गेलं, 1960 मध्ये गुजरात झालं, आणि आपलं वरचं कोर्ट शंभरावर किलोमीटर लांब गेलं. 1983 मध्ये नवरंगपुऱ्याच्या हायकोर्टात निकाल होता. वडिलांना न सांगता मी आत्याबरोबर सकाळच्या गाडीने गेले. आम्ही मागच्या बाकावर. पुढे सगळं इंग्रजीत, भराभर. दहा मिनिटांत दुसऱ्याच केसचा पुकारा झाला. आत्याने माझा हात धरला. "काय झालं गं?"

ती जिंकली होती.

मृत्युपत्र शाबीत करायला त्यावर सही करणारा निदान एक साक्षीदार, तो हयात असेल तर, कोर्टात आणावा लागतो. साक्षीदार हयात होता, वडिलांनी आणलाच नव्हता. एवढीशी गोष्ट. पण आत्याला ती कुणी सांगितलीच नाही. वकीलसाहेबांनी "जीती गया, माजी" म्हटलं नि ते पुढच्या केसला पळाले. निकालाची नक्कल तिने ट्रंकेत पुस्तकासारखी जपली, वाचता कुठे येत होती? शेवटपर्यंत तिला वाटायचं, काहीतरी वशिल्याने झालं असेल, उद्या उलटेल. ती नेहमी म्हणायची, "हरले ते मला समजलं. जिंकले ते नाही समजलं." वडिलांनाही वाटे की बहिणीने कुणाला तरी हाताशी धरलं. दोघं त्याच वाड्यात अकरा वर्षं अबोल राहिली. तो निकाल त्यांना घरच्या भाषेत वाचता आला असता तर? कदाचित काही फरक पडला नसता. मला वाटतं, पडला असता.

आज गुजरातचं हायकोर्ट यूट्यूबवर थेट दिसतं. 2021 मध्ये देशात पहिलं आपणच हे नियमाने सुरू केलं, अभिमान आहेच. पण आत्या आज असती तर घरबसल्या बघितलं असतं आणि मला विचारलं असतं, "काय झालं गं?"

घटनेच्या कलम 348 प्रमाणे हायकोर्टाची भाषा इंग्रजी. राज्यपालांनी राष्ट्रपतींच्या संमतीने परवानगी दिली तर राज्याची भाषाही चालते. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहारमध्ये हिंदी चालतेही. यावर लोक म्हणतात, न्यायाधीश बाहेरच्या राज्यातून येतात, कायद्याचे शब्द सगळीकडे सारखे हवेत. खरं आहे. म्हणून मी युक्तिवाद गुजरातीत करा म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की निकालाच्या नकलेबरोबर पक्षकाराला एक पान गुजरातीत मिळावं. कोण जिंकलं, कशामुळे, आता पुढे काय करता येतं. सुप्रीम कोर्टाच्या काही निकालांची भाषांतरं होऊ लागलीच आहेत. मग ज्याची केस आहे त्याला आधी द्या.

न्यायमंदिराचं संग्रहालय करायचं बोलणं चालू आहे. जरूर करा. पण नुसते झुंबर नि घुमट दाखवू नका. मराठी राजाच्या कोर्टात गुजराती शेतकऱ्याला आपला निकाल आपल्या भाषेत मिळत होता, हेही दाखवा. आपल्या आजोबांना ते खुपलं असेल, पण कोर्ट त्यांच्यासाठी नव्हतंच, समोर उभ्या असलेल्या माणसासाठी होतं.

तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत गायकवाडी काळातला गुजराती निकाल असेल तर फोटो काढून इथे जरूर टाका. नावं झाकून टाकलीत तरी चालेल.