तेल जास्त झाले

यंदाच्या दसऱ्याला मी आमच्या अप्पांच्या गाडीला पोटभर तेल पाजले, आणि दसऱ्यानंतर तिसऱ्याच दिवशी त्या गाडीने भर चढावर अंग टाकले.

वाचकहो, मी मराठीचा मास्तर. एरवी या सदरात मी म्हणींविषयी, शुद्धलेखनाविषयी, नाही तर आमच्या रत्नागिरीच्या पावसाविषयी लिहितो. दिवाळी अंकात काही खमंग लिहावे, अशी तुमची अपेक्षा असणार. पण यंदा माझ्या हातांना चकलीच्या तेलाऐवजी निराळ्याच तेलाचा वास येतो आहे; तेव्हा त्याचीच हकिकत सांगतो.

अप्पा प्राथमिक शाळेतले निवृत्त शिक्षक. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची मोपेड 1984 सालची, म्हणजे माझ्यापेक्षा चारच वर्षांनी लहान. आमच्या गावात त्या काळी कुठल्याही कंपनीची मोपेड असो, तिला लोक लूनाच म्हणत. त्याला कारणही तसेच होते. खरी लूना 1972 साली अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, कायनेटिक इंजिनिअरिंगने काढली. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या चाओ या गाडीवरून ती घेतलेली. पन्नास सीसीचे चिमुकले इंजिन, ना गिअर बदलायची कटकट, ना क्लचची मूठ दाबायची. आणि पेट्रोल संपलेच तर सायकलीसारखे पेडल मारीत घर गाठायचे. मास्तर, कारकून, एलआयसीचे एजंट, नर्सबाई अशा साऱ्या बेताच्या मिळकतीच्या माणसांना तिने पाय दिले. 2024 सालच्या फेब्रुवारीत लूना विजेवरची होऊन पुन्हा आली; पण तिला पेट्रोलचा वास नाही, म्हणून अप्पा तिला गाडी मानीत नाहीत.

मोपेड हा शब्दच मोठा गमतीचा आहे. मोटार आणि पेडल या दोहोंची डोकी जोडून 1952 साली स्वीडनमध्ये तो तयार झाला. आमच्या व्याकरणात याला द्वंद्व समास म्हणता येईल. आमच्या घरात मात्र गेली दोन वर्षे या समासाचा विग्रह करताना निराळेच द्वंद्व चालले होते. अप्पांनी गाडी चालवू नये असे माझे मत, आणि अप्पांना माझे मत ऐकू येत नसे. लायसन्स, डॉक्टरांचा दाखला, दर पाच वर्षांनी वाढवलेली नोंदणी, हेल्मेट, सारे काही त्यांच्यापाशी चोख. रोज संध्याकाळी पाच वाजता ते मारुती मंदिराच्या बाजूच्या आमच्या घरून उतरत आणि मांडवीच्या जेटीवर आपल्या मित्रमंडळींत जाऊन बसत. खाली जाताना गाडी आपल्या वजनानेच जाते. परीक्षा असते ती दिवेलागणीला वर येताना.

पावसाळ्यात चार महिने गाडी पडवीत ताडपत्रीखाली होती. रत्नागिरीची खारी हवा आणि जांभ्याची तांबडी माती लोखंडाची काय गत करते, ते इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गाडी धुतली, पुसली आणि तेलाची बुधली घेऊन जिथे भोक दिसेल, फट दिसेल, तिथे तिथे धार धरली. दसऱ्याला झेंडूची माळ घातली, कुंकू लावले, आणि कृतकृत्य झालो.

तिसऱ्या दिवशी अप्पा सातच्या ऐवजी साडेआठला घरी आले, गाडी ढकलीत. सदरा घामाने भिजलेला. आईने पाणी दिले. मी विचारले, तेव्हा एवढेच म्हणाले, “आरडाओरडा करते, पण चढत नाही.”

मी म्हणालो, “अप्पा, आता पुरे. एवढ्या जुन्या गाडीचे सुटे भाग तरी कुठे मिळणार? भंगारात देऊन टाकू.”

अप्पा काही बोलले नाहीत. आत जाऊन पडले. आणि खरे सांगायचे तर त्या घटकेला मला वाईट वाटले नाही, सुटल्यासारखे वाटले. जे मला दोन वर्षे सांगता आले नाही, ते गाडीने परस्पर सांगून टाकले होते.

पुढे चार दिवस अप्पा संध्याकाळी पडवीतच बसून राहिले. पाचवे दिवशी आमची ही म्हणाली, “अहो, अप्पा दोन दिवस वर्तमानपत्रही उघडीत नाहीत. गाडी दाखवून तर आणा.” रविवारी मी मिस्त्रींना घरीच बोलावले. मनात हेतू असा, की त्यांनीच ‘आता हिच्यात राम नाही’ असे सांगावे आणि मी मोकळा व्हावे.

मिस्त्रींनी प्रथम गाडीला हातच लावला नाही. अप्पांना विचारले, “काका, ओरडत कोण होतं? इंजिन की बेल्ट?”

अप्पा एकदम सावरून बसले. “इंजिन. बेल्टची किंकाळी नव्हती. जळका वास होता.”

“स्टँडवर चाक फिरतं?”

“फिरते की! पण रिकाम्या चाकाला फिरायला जोर कुठे लागतो?”

मग त्या दोघांनी जी उलटतपासणी केली, ती ऐकून मला आमच्या परीक्षापद्धतीची लाज वाटली. आधी मिस्त्रींनी मागच्या पुलीजवळची खिट्टी फिरवून इंजिन चाकापासून सोडवले आणि गाडी सायकलीसारखी ढकलून पाहिली. चाक सैल फिरले. म्हणजे ब्रेक घासत नव्हता; ब्रेक घट्ट झाला तरी गाडी अशीच कुंथते आणि दोष बिचाऱ्या क्लचवर येतो. पेडलची साखळी बोटाने दाबली. तिला पेराएवढा ढिलेपणा होता, आणि तेवढा हवाच. मग झाकण काढून बेल्ट पाहिला. बेल्ट झिजला की पुलीच्या खाचेत खोल बसतो, त्याच्या कडा चकचकीत होतात, आणि जोर पडताच तो किंचाळतो. आमचा बेल्ट जुना होता खरा, पण तडा गेलेला नव्हता. इंजिन मंद चालू ठेवले, तर चाक जागच्या जागी उभे होते. ते आपोआप सरकू लागते, तर क्लचच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या, नाही तर इंजिनाचा मंद वेगच फार ठेवला, असा अर्थ झाला असता.

“राहिला क्लच,” अप्पा म्हणाले.

या गाड्यांचा क्लच हाताचा नसतो, वेगाचा असतो. इंजिनाच्या दांड्यावर दोन शू असतात, त्यांच्या पाठीवर खरबरीत लायनर. इंजिन सावकाश फिरते तेव्हा स्प्रिंगा त्यांना आत ओढून धरतात. वेग वाढला की गोफणीतल्या दगडासारखे ते बाहेर रेटले जातात, भोवतालच्या ड्रमला जाऊन भिडतात, आणि ड्रम फिरू लागतो. ड्रमवरून बेल्ट, बेल्टवरून मागची पुली, पुलीवरून चाक. सारा कारभार त्या खरबरीतपणावर चालतो. तो गेला, की इंजिन आत गरगरत राहते आणि गाडी जागची हलत नाही.

इंजिन थंड होऊ देऊन मिस्त्रींनी ड्रम उतरवला, आतून बोट फिरवले आणि ते माझ्यापुढे धरले. काळेभोर, चपचपीत.

“सर, गाडीला तेल कमी नाही पडलं. जास्त झालंय. हे कुणी ओतलं?”

मी काय बोलणार! ज्या बळाने ते शू बाहेर फेकले जातात, त्याच बळाने माझे भक्तिभावाचे तेलही लायनरवर फेकले गेले होते. वर्गात मुलांना ‘आजार रेड्याला नि डाग पखालीला’ ही म्हण मी इतकी वर्षे शिकवतो. पण इथे तर रेड्याला आजारच नव्हता. तो मीच पाजला होता.

अंगणात, चुलीपासून दूर, मिस्त्रींनी पेट्रोलच्या फडक्याने ड्रम स्वच्छ पुसला. तेल प्यालेले लायनर धुऊन पुरते सुधारत नाही, म्हणून दोन्ही शू बदलायचे ठरले. एकच बदलला तर दोघे सारखे भिडत नाहीत. ते त्यांच्याकडच्या जुन्या डब्यात सापडले. बसवण्यापूर्वी ते म्हणाले, “सर, खिशात खडू आहे का?” खडूचा एक हात त्यांनी लायनरवर फिरवला, ड्रम चढवून फिरवला, पुन्हा काढला. जिथे खडू पुसला गेला, तेवढाच भाग टेकत होता. उंच भागावर बारीक पॉलिशपेपर मारला, पुन्हा खडू, पुन्हा ड्रम. तिसऱ्या खेपेला खडू सगळीकडून सारखा पुसला गेला. इतकी वर्षे खडू हातात धरून मी त्याचा असा उपयोग पाहिला नव्हता. अप्पा मात्र तो हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

मिस्त्री गेल्यावर अप्पांनी मला जवळ बोलावले.

“बाबू, मला थांबवायचे असेल तर तोंडाने सांग. गाडीला तेल पाजू नकोस.”

मी शपथ घ्यायला निघालो होतो, की अप्पा, मी मुद्दाम नाही हो केले. आणि ते खरेच आहे. पण त्या रात्री मला सुटल्यासारखे वाटले होते, हेही तितकेच खरे. म्हणून शपथ तोंडातच राहिली. मी म्हणालो, “अप्पा, तुम्ही अंधारात चढाने येता, तेव्हा सातपासून माझे लक्ष फाटकाकडे असते. मला भीती वाटते.”

अप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मलाही वाटते. ट्रकचे दिवे डोळ्यांवर येतात हल्ली.”

दोन वर्षे चाललेला वाद दोन वाक्यांत मिटला. आता सकाळी वरच्या सपाटीवर अप्पा आपली गाडी चालवतात, दूध आणि वर्तमानपत्र आणतात. संध्याकाळी मांडवीला मी त्यांना सोडतो आणि सातला आणायला जातो. कधी मीच थोडा आधी जातो, आणि त्या मंडळींत कडेला बसतो.

तेलाची बुधली आईने माझ्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवली आहे.